दगडूराव पाटलांचा बांध

आमच्या औरंगाबाद स्टेशनावर एक टीसी होता, तो गाडी यायच्या आधीच लोकांना रडून घ्यायला लावायचा, असं मी सांगितलं की घरातली पोरं एकमेकांकडं बघतात. म्हाताऱ्यानं पुन्हा काहीतरी रचलं, असा त्यांचा चेहरा होतो. पण पार्सल ऑफिसच्या खिडकीत बसून मी पाटलांना वर्षानुवर्षं पाहिलंय. त्यांच्याबद्दल काही रचायची मला गरजच नाही.

दगडूराव पाटील. गाव देवगाव रंगारी. घरी बक्कळ जमीन, विहिरीला बारमाही पाणी, आणि थोरला मुलगा काळा कोट घालून लोकांची तिकिटं तपासत उभा, याचं गावाला शेवटपर्यंत नवल वाटे. उंच, हाडापेरानं मजबूत, मिशा भरघोस. डाव्या बुटाच्या टोकात ते कापडाचा बोळा कोंबत, कारण त्या पायाचा पुढचा निम्मा पंजा नव्हता. चालताना डावा पाय टेकवायचे, क्षणभर विचार केल्यासारखं थांबायचे आणि मग उजवा टाकायचे. शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. त्यामुळं रागावले की उर्दू, समजूत घालायची असली की देवगावची मराठी, आणि वरिष्ठांपुढं बहुतेक वेळा मौन. स्टेशनाबाहेरचे टांगेवाले त्यांना ‘पटेल साब’ म्हणत. आम्ही नुसतं ‘पाटील’ म्हणायचो.

हल्ली सगळ्या फलाटांवर पिवळी पट्टी असते आणि कुणी न दिसणारी बाई गोड आवाजात तिच्यामागं उभं राहायला सांगत असते. तिचं कुणी ऐकत नाही, तो भाग वेगळा. तेव्हा आमच्याकडं पट्टीही नव्हती आणि बाईही नव्हती. छोट्या लाइनीचा बुटका फलाट. गाडी दिसली रे दिसली की माणसं कडेला जाऊन वाकून बघत, आणि ती थांबायच्या आत दांड्यांना लोंबकळत. मग पाटलांनी एक दिवस घमेल्यात चुना कालवला आणि फलाटाच्या कडेपासून दोन पावलं आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. पावसानं धुऊन गेली की ते पुन्हा ओढत. त्यासाठी त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही रेघ कसली? स्टेशन मास्तर गडबडले. पाटील पुढं झाले.

“बांध हाय, साहेब. हिकडं माणसं, तिकडं गाडी. बांध कोरला की भांडान व्हतं.”

साहेबही मूळचे शेतकऱ्याच्याच घरातले निघाले. बांध कोरणं म्हणजे रोज थोडी थोडी माती ओढून शेजाऱ्याच्या शेतात घुसणं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते खळखळून हसले आणि रेघ राहिली. त्या दिवसापासून ती पाटलांचा बांध झाली.

पण नुसत्या रेघेनं काय होतंय? खरी अडचण पोचवायला येणाऱ्यांची होती. त्या काळी आमच्याकडं माणूस एकटा गावाला जायचाच नाही. एक जण निघाला की अख्खी गल्ली स्टेशनावर यायची. सासरी निघालेल्या मुलीच्या हातावर दही घालायचं, ओटी भरायची, थोरांच्या पाया पडायचं. मुसलमानांच्या घरातलं कुणी निघालं की दंडावर इमाम जामिन बांधायचा, म्हणजे प्रवासात रक्षण व्हावं म्हणून कापडात गुंडाळलेलं एक नाणं. आणि हे सगळं कधी? तर गाडी सुटताना, खिडकीतून. गाडी हलली की खिडकीतला हात सुटायचा नाही, आणि हात धरून माणसं गाडीबरोबर पळायची. ज्याला जास्त लांबपर्यंत पळता येईल त्याची माया जास्त, अशी जणू शर्यतच असे.

पाटलांनी हा रिवाजच उलटा फिरवला. गाडीची पहिली घंटा झाली की ते फलाटाच्या मधोमध उभे राहत आणि गावात दवंडी देतात तशा आवाजात सुरू करत.

“चला, निरोप घ्या! पाया पडायचं त्यांनी पडून घ्या! ए बाई, दही आत्ताच घाल तिच्या हातावर. मामू, इमाम जामिन इधरीच बांधो, खिडकी में से नक्को! रडायचं त्यांनी रडून घ्या. गाडी आली की निसतं चढायचं!”

लोक आधी चिडत. एकदा छावणीतलं एक मोठं कुटुंब मुलीला पोचवायला आलं होतं. त्यांचे कर्ते गृहस्थ पाटलांना म्हणाले, “अहो, गाडीचा पत्ता नाही, मग रडू कसं येईल?”

“येतंय, येतंय. घाई करू नका. त्या बघा, आजी सुरू झाल्या.”

आजी खरोखरच सुरू झाल्या होत्या. त्यांचं बघून मुलीची आई, आईचं बघून मावश्या, आणि मग तेच कर्ते गृहस्थ खांबाकडं तोंड करून उभे राहिले. गाडी येईपर्यंत सगळे हलके होऊन नाकं पुसत होते. मुलगी नीट चढली, नीट बसली, आणि गाडी सुटली तेव्हा बांधाच्या अलीकडून सगळ्यांनी हात हलवले. माझ्या खिडकीतून मी हे बघत होतो आणि मला, खरं सांगतो, हसू आवरत नव्हतं. नंतर मी पाटलांना म्हणालो, “तुम्ही कीर्तनकार व्हायला हवं होतं.” ते म्हणाले, “तितं लोकं झोपत्यात.”

एका लग्नाच्या वऱ्हाडानं मात्र त्यांनाही हरवलं. वऱ्हाड मनमाडकडं निघालेलं. मुलीकडची मंडळी पडली भारी अगत्याची. पाहुण्यांना त्रास नको म्हणून गाडी थांबताच मुलीचे काका, मामा, मावसोबा असे सगळे डब्यात घुसले. जागा धरल्या, वळकट्या पसरल्या, ट्रंका बाकाखाली ढकलल्या, पाण्याचा फिरकीचा तांब्यासुद्धा नीट टेकवून ठेवला. इकडं पाहुणे बांधाच्या अलीकडं शिस्तीत उभे राहून पाटलांच्या हुकमाप्रमाणं मुलीकडच्या बायकांचा एकेकीचा निरोप घेत होते. निरोप इतका यथासांग चालला की गाडी हलल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. जे जायचे ते सगळे फलाटावर राहिले आणि पोचवायला आलेले काका-मामा दौलताबादला गेले. वरमाय कपाळाला हात लावून बसली. धावत्या गाडीकडं निघालेल्या नवरदेवाला पाटलांनी दोन्ही हात पसरून अडवलं.

“दाजी, दौलताबाद कुटं पळून जात न्हाय. बसा. च्या घ्या.”

स्टेशन मास्तरांनी पुढच्या स्टेशनाला फोन केला. काका-मामा दुपारच्या गाडीनं सामानासकट परत आले, आणि संध्याकाळच्या गाडीला पाटलांनी एकाही काकाला डब्याच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही.

हे सगळं ऐकून माणूस विनोदी होता असं वाटेल. तसा तो होताही. पण फलाटावर ते कुणाच्या विनोदाला हसत नसत, आणि पुष्कळ लोक त्यांना दगडाच्या काळजाचा म्हणत. नावच दगडू, म्हणायला सोपं. पाय कसा गेला हे ते स्वतः कधी लपवत नसत. कुणीही विचारलं तर सरळ सांगत.

शफी हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. छावणीतल्या एका उर्दू शिक्षकाचा मुलगा. एका बाकावर बसले, एका ताटात जेवले, नोकरीला लागल्यावरही सुटीच्या दिवशी एक दुसऱ्याच्या घरी. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्यानंतरच्या दिवसांत शहरातली किती तरी कुटुंबं निघाली, कुणी हैदराबादला, कुणी पार कराचीला. शफीच्या वडलांनी कराचीला जायचं ठरवलं. पाटील तेव्हा स्टेशनावर नवे कारकून होते. गाडी सुटली आणि खिडकीतल्या शफीचा हात धरून ते पळाले. फलाट संपला तरी हात सुटला नाही. पाटील खाली गेले. शफीला खिडकीतून ते पडलेले दिसले, आणि गाडी त्याला घेऊन गेली.

“माणूस फलाटावर घाईनं कमी मरतंय,” पाटील म्हणायचे. “मायेनं मरतंय. घाईवाल्याला दटावता येतं. मायेवाल्याला काय सांगनार?”

म्हणून त्यांनी मायेचीच वेळ अलीकडं घेतली. मला त्यांचं हे फार आवडायचं. माणसाच्या पायावरून गाडी गेली तर तो गाडीवर चिडेल, नशिबावर चिडेल. पाटील कशावरच चिडले नाहीत. त्यांनी फक्त व्यवस्था बदलली.

कराचीहून शफीची पत्रं येत, ख्यालीखुशालीची. पायाबद्दल त्यांत अवाक्षर नसे. आपण हात सोडला नाही म्हणून दगडू पांगळा झाला, हे शफींच्या मनात घर करून बसलं होतं. इकडं शफींची थोरली बहीण होती, तिला पाटील ‘आपा’ म्हणत. तिनं बोलावलं, निकडीनं बोलावलं, पण शफी आले नाहीत. आपानंच पाटलांना कारण सांगितलं: तुला तोंड कसं दाखवू, असं म्हणतो.

पाटलांना याचं पायापेक्षा जास्त दुःख होतं. कधी कामं आटोपल्यावर माझ्याकडं पार्सलांच्या गठ्ठ्यावर येऊन बसत, बूट काढून बोळा सारखा करत आणि म्हणत, “एकडाव यावं त्यानं. माजं चालनं बघावं. बास, दुसरं काय बी नको मला.”

चीनचं युद्ध सुरू झालं तेव्हा छावणीतून जवान निघाले. त्या दिवसांत फलाटावर उभं राहायला जागा नसे. एका जवानाची आई फर्दापूरकडून आलेली, नऊवारी नेसलेली, अंगानं काटक बाई. पाटलांच्या दवंडीनं तिनं निरोप घेतला, ओवाळलं, रडून झालं. पण गाडी हलली तशी ती बांध ओलांडून सुटली. पाटलांनी मागून तिचं मनगट पकडलं. बाईनं वळून त्यांच्या हाताचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं. पाटलांनी मनगट सोडलं नाही. शेवटचा डबा गेल्यावर सोडलं, तेव्हा ती फलाटावर बसून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली.

“दे, दे शिव्या,” पाटील रुमालानं हात बांधत म्हणाले. “पोरगं आलं वापस तर त्याला घरात आई दिसाया पायजे का नको?”

मुलगा सुखरूप परत आला. त्याला उतरवून घ्यायलाही बाई आली होती. पाटलांना पाहून तिनं तोंड फिरवलं. शेवटचा हात धरू दिला नाही, हे ती काही विसरली नव्हती. पाटील मात्र हातावरचा वण दाखवून म्हणायचे, “दात मजबूत हायेत बाईचे. लई जगनार.”

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत शफी आले. आपाच्या मुलीचं लग्न होतं, तेवढ्यापुरता परवाना मिळाला होता. गाडीतून एक सडपातळ, केस पिकलेला, शेरवानी घातलेला माणूस उतरला आणि जिथं उतरला तिथंच उभा राहिला. पाटील त्यांच्याकडं निघाले, नेहमीसारखे थांबत, टेकत. शफींची नजर त्या डाव्या बुटावरून हलेना.

“वर बघ बे,” पाटील म्हणाले. “थोबाड हितं हाय माजं.”

मग काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्याच डोळ्यांना पाणी आलं होतं. लग्नाच्या दिवसांत पाटील रजेवर होते. दोघं शहरभर फिरले, देवगावला जाऊन आले, शाळेच्या आवारात बसून आले, असं कानावर येत होतं. पण पायाचा विषय दोघांतल्या एकानंही काढला नाही, हेही आपाकडून कळलं.

जायच्या दिवशी पाटील कामावर हजर होते. पाळी बदलून घ्या म्हटलं तर ऐकलं नाहीत. आपा, तिची मुलं, नातेवाईक असा मोठा गोतावळा फलाटावर होता. पहिली घंटा झाली, दवंडी झाली, इमाम जामिन बांधून झाला. मग पाटील शफींना घेऊन माझ्या पार्सल ऑफिसात आले. मी चहा मागवला आणि उगाचच पार्सलांवरच्या चिठ्ठ्या तपासत बसलो.

चहा आला, दोघांनी कप घेतले. मग शफी म्हणाले, “मैं छोड़ देता तो तेरा पाँव सलामत रहता, दगडू.”

“अन् मी सोडला असता तर?”

“तू कैसा छोड़ता? तू तो भाग रहा था.”

“मग पळनारा मीच ना? तू तर बसेल व्हतास.”

“हाथ मेरा बी था,” शफी म्हणाले. “मैं देख रहा था, आगे फलाट खतम हो रहा है. तेरे कू नहीं दिखा, मेरे कू दिखा. फिर बी नहीं छोड़ा मैंने.”

हे पाटलांना माहीत नव्हतं. त्यांचा चहाचा कप तसाच हातात राहिला. मला वाटलं, आता काहीतरी बिनसणार. पण त्यांनी कप खाली ठेवला, डावा पाय उचलून शफींच्या पुढं गठ्ठ्यावर टेकवला आणि म्हणाले, “ह्या पायानं मी माज्या पोरीच्या वरातीत नाचलोय. इचार ह्यांना.”

शफींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “नाचले. अगदी वाईट नाचले, पण नाचले.”

शफी हसले. हसता हसता त्यांनी त्या बुटावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झालं, टपाल तुटलं, आणि शफींचं पुन्हा काही कळलं नाही. पाटील यथावकाश निवृत्त होऊन देवगावला गेले, तिथंच शेती बघत वारले. त्यांचं म्हातारपण मी पाहिलं नाही, आणि मला त्याची खंतही नाही. पाटील म्हटलं की मला त्या दिवशीची गाडीच दिसते.

गाडी लागली. शफी चढले, खिडकीशी बसले. आपा आणि मुलं बांधाच्या अलीकडं ओळीनं उभी होती, पाटील त्यांच्या पुढं. मी ऑफिसच्या दारात होतो. गार्डानं हिरवा झेंडा दाखवला, शिट्टी झाली, डबे एकमेकांना ओढत हलले.

आणि पाटलांचा डावा बूट रेघेच्या पलीकडं पडला. मग उजवा. त्यांचा हात पुढं गेलेला होता. गाडी हललेली असताना हा माणूस बांधाच्या पलीकडं मी कधी पाहिला नव्हता. मी “पाटील!” म्हणून ओरडलो, पण त्यांना ऐकू गेलं नसावं. ते खिडकीकडं बघत होते आणि त्यांची चाल वाढली होती.

शफींचाही हात खिडकीतून बाहेर येत होता. त्यांनी पाटलांकडं पाहिलं, पाटलांच्या पायांकडं पाहिलं. हात मधेच थांबला, आत गेला, आणि त्यांनी खिडकीची लाकडी झडप धाडदिशी खाली ओढली.

पाटील जागच्या जागी थांबले. बंद खिडकी त्यांच्या समोरून पुढं सरकली, मागचे डबे एकामागून एक जात राहिले, आणि ते तसेच उभे होते, हात अर्धा उचललेला.

आपा मागून रडत म्हणाली, “हाय अल्ला, ऐसा जाता क्या कोई? अपनों के मुँह पे खिड़की लगा के?”

शेवटचा डबा गेल्यावर पाटलांनी हात खाली घेतला. वळून ते आपाजवळ आले. त्यांचा सगळा चेहरा भिजला होता, आणि मी त्यांना इतकं सुखी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“रागावू नका, आपा,” ते म्हणाले. “या वक्ताला सोडला त्यानं.”